हौसेचा वाण आणि मुक्या जिवाचे दुखणे



पाल हा प्राणी आपल्या घरांतून कधी कोणी हौसेने पाळला असेल असे आम्हास वाटत नाही. कोकणात असताना दिव्याभोवतीच्या किड्यांवर टपून बसलेली पाल दिसली की आयाआज्या आधी दुधाचे पातेले झाकीत आणि मग केरसुणी शोधीत. ती चुकचुकली तर चाललेले बोलणे तेथेच थांबे. इस्राएलात आल्यावरही तिने आपली पाठ सोडलेली नाही. हिब्रूत तिला 'समामीत' म्हणतात, आणि नीतिसूत्रांच्या पुस्तकात राजवाड्यातही वावरणाऱ्या ज्या बारीक जिवाचा उल्लेख आहे तो हाच, असे पुष्कळांचे मत आहे. (काही जण त्याचा अर्थ कोळी असा लावतात.) अशा या प्राण्यासाठी अमेरिकेत आज लोक शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजतात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या घरीही मुलांच्या खोलीत काचेची पेटी आणि तीत पिवळी पाल दिसू लागली आहे. ऐकणारा हसतो. तथापि या हौसेच्या पोटी एक असा प्रश्न दडलेला आहे की तो आपल्या शास्त्रकारांनी ओळखला असता, असे आमचे मत आहे.

ज्या पालीविषयी आम्ही लिहीत आहोत तिचे इंग्रजी नाव 'लेपर्ड गेको'. तिचे मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ मुलूख. ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना आपल्या घरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे नसतात. उलट बहुतेक पालींना नसलेल्या हलत्या पापण्या तिला असतात. त्यामुळे ती डोळे मिटते, आणि मुलांना ती हसते आहे असे वाटते. लांबीने वीतभर, शेपटीत चरबी साठवणारी, नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षे जगणारी. अंड्यातून नर निघणार की मादी हे अंडी किती उबेत ठेवली त्यावर ठरते. रानातला तिचा रंग पिवळसर, वर काळे ठिपके, म्हणून बिबट्याचे नाव.

आता हौशी मंडळींना ठिपके पुरेसे वाटेनात. एखाद्या पिल्लाचा रंग निसर्गातच वेगळा निघतो. त्याची जोडी बहिणीशी, आईशी किंवा त्याच्याच पिल्लांशी लावायची, निघालेल्यांतून पुन्हा निवड करायची. मादी एका वेळी दोन अंडी घालते, पण हंगामात अनेकदा घालते, आणि पिल्लू सुमारे वर्षभरात वयात येते. त्यामुळे चार-पाच वर्षांत नवा रंग पक्का करता येतो. अशा रंगांना ते लोक 'मॉर्फ' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला वाण हा चांगला शब्द आहे. नारिंगी वाण, बर्फासारखा वाण, ठिपके मुळीच नसलेला वाण, डोळे लाल असलेला वाण. नवा वाण जितका दुर्मीळ तितकी किंमत चढी, आणि तो सर्वांकडे झाला की किंमत उतरते, मग आणखी नव्याचा शोध.

हे सारे पाप आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशी सहमत होणार नाही. रंग पाहून जनावरांची जोडी लावणारा आपला पूर्वज याकोब होता. लाबानाच्या कळपातील ठिपकेदार आणि तपकिरी जनावरे तेवढी मजुरी म्हणून मागून घेऊन त्याने आपला कळप कसा वाढवला, हे उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात सविस्तर आहे. आजचा पैदास करणारा म्हणेल की पाण्याच्या डोणीत सोललेल्या काठ्या ठेवून रंग बदलत नाही, जोडी निवडल्याने बदलतो. आणि पुढच्याच अध्यायात याकोबाला स्वप्नात जे दिसले ते नेमके नर कोणत्या रंगाचे हेच होते. इंग्लंडात वाढलेली एक ठिपकेदार मेंढी या कथेवरून 'जेकब' म्हणून ओळखली जाते. २०१६ साली कॅनडाहून अशा ११९ मेंढ्या या देशात आणल्या गेल्या, तेव्हा पुष्कळांना आनंद झाला. चार-चार शिंगांच्या या मेंढ्यांत काहींची वरची पापणी मधोमध चिरलेली निघते. शहाणा मेंढपाळ अशी मेंढी सांभाळतो, पण पैदाशीला लावत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

'किलायिम'चा नियमही येथे लागू होत नाही. तोरा दोन भिन्न जातींच्या जनावरांचा संकर करू नये असे सांगते. नारिंगी पाल आणि ठिपक्यांची पाल या दोन जाती नव्हेत. एकाच जातीची ती दोन रूपे आहेत. म्हणजे नुसत्या अक्षरावर बोट ठेवून पाहिले तर पैदास करणारा निर्दोष सुटतो.

मग अडचण कोठे आहे? ती दोन वाणांच्या उदाहरणाने सांगतो.

पहिला 'एनिग्मा', म्हणजे कोडे. या शतकाच्या पहिल्या दशकात तो बाजारात आला. विखुरलेले ठिपके, विटकरी झाक असलेले डोळे; लोक वेडे झाले. नंतर दिसू लागले की या वाणाच्या पुष्कळ पाली मान तिरपी धरतात, एकाच जागी गोल गोल फिरतात, डोके मागे टाकून वर पाहत राहतात. किडा समोर असूनही झेप दुसरीकडेच पडते. जागा बदलली, अंडी घालण्याचा ताण पडला की हे वाढते. काहींत लक्षणे इतकी सौम्य असतात की विकत घेणाऱ्याला कळतही नाही, आणि त्याच सौम्य पालीची पिल्ले पुढे वाईट निघतात.

दुसरा 'लेमन फ्रॉस्ट'. त्याची कथा अधिक बोधक आहे, कारण येथे शास्त्रज्ञांनी मुळापर्यंत शोध घेतला. फिकट लिंबासारखा पिवळा रंग आणि त्यावर दंव पडल्यासारखी पांढरी झळाळी. हा वाण विकत घेऊन वाढवू लागल्यानंतर पालींच्या अंगावर, विशेषतः पोटाच्या पांढऱ्या कातडीवर, लहान गाठी दिसू लागल्या. त्या गाठी कर्करोगाच्या होत्या. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लाँगहुआ गुओ, लिओनिड क्रुगलियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. हा वाण असलेल्या पालींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पालींना गाठी होतात, आणि याचा संबंध 'स्पिंट-१' नावाच्या जनुकाशी आहे, असे त्यांनी दाखवले. ज्याच्याकडे हा वाण होता त्या व्यावसायिकाचे नावही त्या निबंधाच्या लेखकांत आहे. त्याने रोग लपवून न ठेवता नमुने शास्त्रज्ञांपुढे ठेवले, हे त्याच्या नावावर जमा धरले पाहिजे.

त्या संशोधनातून निघालेली गोष्ट अशी. पालीच्या कातडीत काही पेशी प्रकाश परतवतात; पांढरी झळाळी त्यांच्यामुळे येते. लेमन फ्रॉस्टमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात. थोड्या वाढल्या की शोभा, आणि थांबल्याच नाहीत की गाठ. रंगासाठी एक कारण आणि रोगासाठी दुसरे असते, तर निवडून निवडून रोग गाळून टाकता आला असता. येथे तशी सोय नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्याची म्हण आपण सर्वजण जाणतो. त्या म्हणीत वाण लागत नाही, गुण लागतो. लेमन फ्रॉस्टमध्ये वाण आणि अवगुण ही एकच वस्तू आहे. विकत घेणारा ज्या झळाळीचे पैसे देतो तीच ती व्याधी आहे, अद्याप कोवळी आहे इतकेच.

हे कळल्यानंतरही पैदास चालू ठेवणारे होते. त्यांची बाजू आम्ही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दिसते तितकी पोकळ नाही. ते म्हणतात: ही पाल लेमन फ्रॉस्ट नसती तर ती जन्मलीच नसती. निरोगी पाल घेऊन आम्ही तिला रोगी केलेले नाही. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, गाठीसह जगणे किंवा मुळीच नसणे. काही वर्षे ती ऊबदार पेटीत खाऊन-पिऊन जगते, रानात तर तिला सापाने वा घुबडाने केव्हाच गिळले असते. मग तिचे आम्ही वाईट काय केले? इंग्लंडमधील तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात हाच पेच माणसांच्या बाबतीत मांडला. ज्या कृत्यावाचून एखादा जीव अस्तित्वातच आला नसता त्या कृत्याने त्या जिवाचे नुकसान झाले असे कसे म्हणावे, असा तो पेच आहे. विद्वानांत त्यावर अजून वाद चालू आहे.

आम्हास या युक्तिवादाचा सूर ओळखीचा वाटतो. तालमूदात, बाबा मेसिया या भागात, मिश्ना संकलित करणारे रब्बी येहूदा हन्नासी यांची एक कथा आहे. कापण्यासाठी नेत असलेले एक वासरू सुटून त्यांच्याकडे आले, त्यांच्या वस्त्रात डोके खुपसून रडू लागले. रब्बींनी त्याला परत पाठवले. तुझी उत्पत्तीच त्याकरिता आहे, अशा अर्थाचे काही बोलले. त्या बोलण्यापायी त्यांच्यावर तेरा वर्षे देहाच्या यातना आल्या, असे तालमूद सांगते. वाचकांनी लक्षात घ्यावे की रब्बींचे म्हणणे कायद्याने चुकीचे नव्हते. वासरू खाण्यासाठी कापणे वैध आहे. दोष होता तो आसरा मागायला आलेल्या जिवाला त्याच्या जन्माचे कारण ऐकवण्यात. पैदास करणारा आपल्या पालीला नेमके तेच ऐकवत आहे: या रंगासाठी तर तू जन्मलीस.

कथेचा उत्तरार्ध आमच्या विषयाला अधिकच जवळचा आहे. त्या यातना कशा सरल्या? रब्बींची दासी घर झाडीत होती. कोपऱ्यात खुलदा, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक बारीक प्राणी, त्याची पिल्ले पडली होती, ती ती झाडून टाकू लागली. रब्बींनी तिला थांबवले, परमेश्वराची दया त्याच्या सर्व निर्मितीवर आहे याची आठवण दिली, आणि दुखणे उतरले. गाय नव्हे, घोडा नव्हे, उपयोगाचे कोणतेच जनावर नव्हे. लेवीयच्या अकराव्या अध्यायात जमिनीवर सरपटणाऱ्या आठ अशुद्ध प्राण्यांची यादी आहे; तिच्या आरंभी असलेल्या प्राण्याचे नाव अरामी भाषांतरात 'खुलदा' असेच दिले आहे, आणि त्याच यादीत पुढे 'लेताआ', म्हणजे आपली सरडा-पालीची जमात येते. केरसुणीने लोटून टाकण्याच्या लायकीचे मानलेले हे जीव एकाच ओळीत बसलेले आहेत.

तत्त्वज्ञांच्या पेचाविषयी आमचे उत्तर साधे आहे. जो जन्मलाच नाही त्याला कोणी काही देणे लागत नाही. गेल्या शतकाच्या सत्तरीपासून अश्केनाझी कुटुंबांत टे-सॅक्स या भयंकर आनुवंशिक रोगाची चाचणी लग्नाआधी करण्याची प्रथा पडली. अशी चाचणी पाहून दोन घरांनी सोयरीक न केली तर न जन्मलेल्या मुलावर अन्याय झाला असे म्हणणारा कोणी आम्हास भेटलेला नाही. लेमन फ्रॉस्टची जोडी न लावल्याने कोणाचेही काही जात नाही; लावल्याने मात्र एक जीव येतो आणि गाठीचे दुखणे त्याला भोगावे लागते. शिवाय पैदास करणाऱ्यापुढे 'ही पाल की कोणतीच नाही' असा पेच नसतोच. त्याच पेटीत, त्याच उबेत, तो ठिपक्यांची निरोगी पालही वाढवू शकतो. चिरलेल्या पापणीची मेंढी बाजूला ठेवणाऱ्या मेंढपाळाला हे ग्रंथ न वाचता समजते.

येथे कोणी आम्हास विचारील, आणि विचारावेच: शब्बाथला कोंबडीचे कालवण जेवणाऱ्यांनी पालीच्या दुखण्यावर लेख लिहावा काय? बाजारात मिळणारी कोंबडीही इतक्या झपाट्याने वाढेल अशी निवडून काढलेली आहे की तिचे पाय तिचे वजन पेलत नाहीत. हा टोला बसतो, आणि त्याला पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. आपल्या शास्त्राने गरज आणि चैन यांत फरक केलेला आहे इतके मात्र सांगता येईल. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी जिवंत हंसाची पिसे उपटण्याविषयी लिहिले की माणसाच्या कामासाठी ते कायद्याने चालते, तरीही लोक तसे करीत नाहीत, कारण ते क्रौर्य आहे. अठराव्या शतकात प्रागच्या रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांना मौजेखातर शिकार करण्याविषयी विचारले गेले. कलमांत थेट मनाई सापडत नसतानाही त्यांनी त्या छंदाची निर्भर्त्सना केली. हंसाच्या पिसाने निदान लिहिता येत असे. पालीच्या झळाळीने काय होते? फोटो निघतो.

आणखी एक गोष्ट आम्हास फार लागते. वासरू रडले, म्हणून रब्बींना कळले. आपल्या कोकणातील वडीलधारे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले. बैल दमला की त्याच्या डोळ्यांवरून, तोंडाच्या फेसावरून समजते. त्याच्या विसाव्याची आज्ञा पाळणे त्यामानाने सोपे होते. पाल रडत नाही. तिचा चेहरा बदलत नाही. रानात दुबळेपणा दाखवला तर मरण, म्हणून असे प्राणी आजार अखेरपर्यंत लपवतात. पेटीबाहेर उभा असलेला मुलगा म्हणतो, ती मजेत आहे, पाहा कशी हसते. गोल गोल फिरणाऱ्या एनिग्माला काही लोक नाचणारी पाल म्हणून दाखवतात असे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. 'साआर बआले हाय्यिम', मुक्या जिवांचे दुःख, हा शब्दप्रयोग आपण फार वापरतो. तक्रार करता न येणाऱ्या जिवाच्या बाबतीत तो पाळणे अवघड आहे, कारण तेथे कान उपयोगी पडत नाहीत, माहिती मिळवावी लागते.

पालीच्या लेखात पुढील ओळी कोणास अस्थानी वाटतील, तरी लिहितो. रंगावरून किंमत ठरवण्याची आणि रक्ताचा माग काढण्याची खोड माणसाला फार जुनी आहे. आपल्यातच 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असे भेद होते, बेटीव्यवहार होत नसे. आणि या देशात १९६२ साली आपल्या लग्नांच्या वेळी आजी-पणजीपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश निघाले, ते १९६४ मध्ये बदलेपर्यंत आपल्या लोकांनी काय सोसले ते जुन्या वाचकांना सांगायला नको. माणसाची आणि पालीची तुलना आम्ही करीत नाही. कातडीपाशी थांबणारी नजर कशी असते हे ज्यांनी अंगावर घेतले आहे, त्यांनी ती नजर दुसऱ्यावर टाकताना दोन क्षण थांबावे, इतकेच मनात आले.

कायद्याने काही होईल काय? जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात कलम ११ ब आहे. संततीला वेदना वा व्यंग होईल अशी अपेक्षा असेल तर त्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांची पैदास करण्यास ते मनाई करते. अशा पैदाशीला त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'क्वालझुख्त', म्हणजे यातनेची पैदास. आपल्या देशाचा १९९४ चा कायदा तर 'साआर बआले हाय्यिम' हेच नाव धारण करतो. पण हा सारा व्यापार घरातल्या खोल्यांतून आणि प्रदर्शनांतून चालतो, आणि कोणत्या पेटीत कोणती जोडी लावली हे कोणता निरीक्षक पाहणार? बाजार विकत घेणाऱ्याच्या मागणीवर उभा आहे. एनिग्माची मागणी त्याचे दुखणे सर्वांना कळल्यावर घटली, ती कायद्याने नव्हे.

तेव्हा परदेशातील आपल्या ज्या घरांत नातवंडे पालीचा हट्ट धरून बसली असतील, त्या आजीआजोबांना आमची सूचना आहे की हट्ट मोडू नये. मुलाला जनावराची काळजी घ्यायला लागावी ही चांगली गोष्ट आहे. मात्र वाणाचे नाव विचारून घ्यावे, त्याच्या आईबापांची माहिती मागावी, विकणारा टाळाटाळ करू लागला तर उठून यावे. रानातल्यासारखी ठिपक्यांची साधी पाल स्वस्त मिळते आणि पापण्या तीही मिटते. घरात आधीच एनिग्मा आली असेल तर तिला टाकून देऊ नये, आणि तिची जोडीही लावू नये. तिची पेटी वारंवार हलवू नये, रचना बदलू नये, उजेड मंद ठेवावा. तिला धावता किडा धरता येत नाही, म्हणून अळ्या उथळ ताटलीत ठेवाव्या किंवा चिमट्याने तिच्या तोंडाशी धराव्या, आणि तिची झेप दोनदा-तीनदा चुकली तरी चिमटा तसाच स्थिर धरून ठेवावा.